तुमच्या मानेचं दुखणं, माझ्या माथ्यावरचा आळ

माई,

आधी ‘प्रिय’ लिहिलेलं नाही. विसरले नाही, मुद्दामच लिहिलं नाही.

परवा तुमचं वर्षश्राद्ध झालं. त्याआधी तुमचे चिरंजीव माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सुजाता, तुझा मराठी बरा आसा. तिठ्यार आयेचो बॅनर लावचो आसा, चार ओळी लिवन दी." मी कागद घेऊन बसले. तुम्ही गेल्याला वर्ष झालं तरी तुमच्याबद्दल चार गोड ओळी काही मला सुचेनात. शेवटी तुमच्या लेकीने, बेबीताईंनी, मोबाइलवर कुठूनतरी शोधून पाठवल्या. ‘मायेचा सागर, त्यागाची मूर्ती.’ त्याच छापल्या.

आता येणारंजाणारं माणूस मला थांबवून सांगतं, "तुमची सासू म्हणजे देवमाणूस हो!" दोन दिवस मी मान डोलावली. आज अंगणवाडीतून परत येताना पुन्हा कोणीतरी तेच म्हटलं आणि माझी मान काही हलेना. घरी आले, हातपाय धुतले आणि लिहायला बसले.

तुम्ही देवमाणूस नव्हता, माई. हे तुम्हाला माहीत होतं आणि मला माहीत आहे. निदान आपल्या दोघींत तरी खोटं कशाला?

मी मिठबावची. वडिलांची होडी, घर अगदी किनाऱ्याला. तुमचं घर आतल्या गावातलं, काजूची बाग आणि थोडी भातशेती. लग्न होऊन आले त्या दिवसापासून तुम्ही मला नावाने हाक मारली नाहीत. "गो दर्यावरची!" एवढंच. सुरुवातीला मला वाटलं, थट्टा आहे. वर्षभराने कळलं की तुम्हाला थट्टा येतच नाही.

मी अंगणवाडी सेविका झाले तेव्हा तुम्ही शेजारणीला सांगितलंत, "लोकांची पोरां सांभाळूक जाता, घरची सासू कोण बघतलो?" तेव्हा तुम्ही स्वतः विहिरीवरून दोन कळशा घेऊन चढण चढत होतात! तुमच्याकडे कोणी बघायची गरज तरी होती का?

आणि तुमचे हात! त्यांना मात्र मी कधी नावं ठेवली नाहीत. गणपतीत अख्खी वाडी तुमच्याकडे अबोलीचे वळेसार मागायला यायची. पडवीत बसून, कोणाशीतरी भांडत, फुलांकडे न बघता तुम्ही गुंफत जायचात. केसांत माळायचा तो वळेसार हातभर लांब झाला तरी त्यात एक फूल वाकडं नसायचं. एवढं मी मान्य करते. आणखी काही मान्य करायला लावू नका.

आमची मनू पहिलीत गेली त्या वर्षी तुमच्या बोटांतून फुलं निसटायला लागली. आधी तुम्ही फुलांना दोष दिलात, मग दोऱ्याला. मग ब्लाऊजचे हूक लागेनात. ताटातल्या भाताचा घास तोंडापर्यंत जाईतो सांडायला लागला. सोलकढीचा पेला हातातून पडला आणि तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जसं काही मीच खालून ओढला.

मग ती चप्पल. चालता चालता एका पायातली चप्पल मागे राहायची आणि तुम्हाला पत्ताच नसायचा. घरी येऊन माझ्यावर ओरडायचात, "माझी चप्पल खंय दडवलंस?" मी जाऊन पाणंदीतून ती उचलून आणायचे. आणली की म्हणायचात, "बघा, हिकाच बरोबर गावली!"

मान खाली घातली की पाठीतून पायापर्यंत वीज गेल्यासारखं व्हायचं तुम्हाला. "अंगात कायतरी सरसर करीत उतारता," तुम्ही म्हणायचात. मी तेव्हाच म्हटलं होतं, माई. आठवतं का? मी म्हटलं होतं, "आपण ओरोसला मोठ्या दवाखान्यात दाखवूया." एकदा नाही, कितीतरी वेळा म्हटलं. तुम्ही काय उत्तर दिलंत? "माका घराभायर काढूची घाई झाली काय तुका?" गावातून वाताच्या गोळ्या आणून खाल्ल्यात, पायाला तेल चोळून घेतलंत. आणि मग बेबीताईंना बरोबर घेऊन पलीकडच्या गावातल्या एका देवस्की बघणाऱ्याकडे गेलात.

तिथे काय झालं ते बेबीताईंनीच नंतर मला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. तुम्ही पाटावर बसलात, पायाचा चवडा जमिनीला टेकला आणि पाय आपोआप थाडथाड उडायला लागला. थांबेचना. सगळे घाबरले. त्या माणसाने डोळे मिटले आणि सांगितलं, "करणी आसा. घरातलोच हात आसा. दर्याकडसून इलेला माणूस बघा."

दर्याकडसून! त्याला कसं कळलं हो आपल्या घरात दर्याकडची सून आहे ते? पाटावर बसण्याआधी अर्धा तास तुम्ही त्याच्या ओसरीवर माझंच गाऱ्हाणं गात होतात, तेव्हाच कळलं असेल! पण तुम्हाला त्याचं नवल वाटलं नाही. तुम्हाला बरंच वाटलं. दुखण्याला नाव मिळालं, आणि ते नाव माझं निघालं.

घरच्या देवापुढे नारळ ठेवून वाडीतली चार माणसं तुम्ही बोलावलीत. मला मनूच्या डोक्यावर हात ठेवून सांगायला लावलंत की मी काही केलेलं नाही. सात वर्षांची पोर ती. माझा हात डोक्यावर असताना वर बघून तिने विचारलं, "आई, करणी म्हणजे काय?" तुमचे चिरंजीव खांबाला टेकून उभे होते. मान खाली. त्यांच्या मानेला काहीच झालेलं नव्हतं, तरी खाली.

शपथ घेतली त्याचाही उपयोग झाला नाही. "खोटी शपथ घेवची सवय आसतली," म्हणालात तुम्ही. त्यानंतर माझ्या हातचं पाणी बंद. तुमचा तांब्या वेगळा, तुमची चूल वेगळी. थरथरत्या हातांनी स्वतः भात शिजवायचात, अर्धा सांडायचात, पण मला हात लावू द्यायचा नाही. बेबीताई माहेरी आल्या की माझ्या हातचा चहा घ्यायच्या नाहीत.

हे घरात राहिलं असतं तरी मी गिळलं असतं. पण तुम्ही ते विहिरीवर नेलंत, बाजारात नेलंत, एसटीच्या थांब्यावर नेलंत. माझ्या अंगणवाडीतली दोन पोरं यायची बंद झाली. एकीची आई मला तोंडावर म्हणाली, "बाई, तुमच्यावर माझो विश्वास आसा, पण घरची माणसां ऐकणत नाय." तिसऱ्या एका पोराच्या आजीने मी दिलेला खाऊ त्याच्या हातातून काढून घेतला आणि कुंपणापलीकडे टाकला. ते पोर रडायला लागलं. त्या दिवशी मी काय केलं असेल, माई? उरलेल्या पोरांना गाणं म्हणून दाखवलं. तेच तर माझं काम होतं.

असल्या आळाविरुद्ध कायदा आहे, हे मला ठाऊक होतं. आमच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं. पण स्वतःच्या सासूवर तक्रार घेऊन कुठल्या तोंडाने जायचं? गेले असते तर तुमचं म्हणणं खरंच ठरलं असतं की ही सासूच्या मुळावर उठली आहे.

दोन वर्षं अशी गेली. दोन! त्या दोन वर्षांचा मला राग का येतो, ते तुम्हाला कधी कळलं का? माझ्या बदनामीचा राग तर आहेच. पण ती दोन वर्षं तुमच्या मानेला हवी होती, आणि ती तुम्ही माझ्यावर खर्च केलीत!

मग तुम्ही खळ्यात पडलात. पडणं तरी केवढं? सारवलेल्या अंगणात पाय अडखळला, तुम्ही पुढे कोसळलात, हनुवटी आपटली. रक्तसुद्धा आलं नाही. पण उठता येईना. हात हलेनात, पाय हलेनात, लुगडं ओलं झालं आणि तुम्हाला ते कळलंही नाही. घरात मी एकटी. तुमचे चिरंजीव काजूच्या गाडीबरोबर गेलेले. शेजाऱ्यांना हाका मारल्या, रुग्णवाहिका आली. तिथेही तुम्ही काय म्हणालात? "हिका नको. बेबीक बोलवा." बेबीताई कणकवलीत होत्या, माई. मी तिथे होते.

ओरोसला मानेला पट्टा घातला आणि गोव्याला मोठ्या रुग्णालयात न्यायला सांगितलं. तिथे तो बोगद्यासारख्या यंत्रातला एमआरआय झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आल्या. तरुण होत्या, मराठी स्वच्छ बोलायच्या. तोपर्यंत तुमचे चिरंजीव पोचले होते. तुम्ही खाटेवर, आम्ही दोघं बाजूला.

त्यांनी तुमच्या पायाचा चवडा धरून वर झटका दिला आणि तुमचा पाय थाडथाड उडायला लागला. तोच पाय, माई! बघणाऱ्याच्या पाटावर उडाला होता तोच! मी दचकले. डॉक्टर मात्र शांतपणे म्हणाल्या, "हे असंच होतं यात." मग विचारायला लागल्या.

"हातातून वस्तू कधीपासून पडतात?"

मी सांगितलं.

"बटणं, हूक लावायला जड जात होतं?"

"हो."

"चालताना चप्पल पायातून सुटून जायची? आणि कळायचं नाही?"

मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही छताकडे बघत होतात.

"मान खाली घातली की पाठीतून करंट गेल्यासारखं?"

एकेक प्रश्न म्हणजे तुम्ही माझ्यावर घेतलेला एकेक आळ होता. त्या डॉक्टर या वाडीत कधी आल्या नव्हत्या, त्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यांना सगळं ठाऊक होतं. मला हसू आलं की रडू, सांगता येत नाही. तोंडावर पदर धरून मी बाहेर व्हरांड्यात गेले आणि परत आले, कारण पुढचं ऐकायचं होतं.

त्यांनी फोटो उजेडावर धरला. मानेच्या मणक्यांमधून मेंदूकडून येणारी जाड दोरी खाली उतरते, तिला मज्जारज्जू म्हणतात. हातापायांचे सगळे निरोप तिच्यातूनच जातात. वयाने मणके झिजतात, हाड वाढतं, गाद्या मागे सरकतात आणि ती दोरी चिमटते. तुमची तीन ठिकाणी चिमटली होती. ती जागा फोटोत पांढरट दिसत होती.

"हे पडल्यामुळे झालेलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "दोनतीन वर्षं हळूहळू दाबत आलंय. पडल्यामुळे एकदम वाढलं. आधी आणलं असतं तर बरं झालं असतं."

तुमचे चिरंजीव खाली बघायला लागले. आणि तुम्ही? तुम्ही पहिल्यांदा तोंड उघडलंत. "डॉक्टरांनू, ह्या फोटयेत करणी दिसता काय?"

डॉक्टरांना आधी कळलंच नाही. मी सांगितलं. त्या तुमच्याजवळ वाकून म्हणाल्या, "आजी, फोटोत तुमचं हाड दिसतंय. तुमचं स्वतःचं. बाहेरचं काही नाही."

तेवढ्याने तुम्ही मानलं असतं तर तुम्ही माई कसल्या? डॉक्टर गेल्यावर पुटपुटलात, "हाड वाढवणारा कोण, ता इचार."

ऑपरेशन मागून मान उघडून करायचं होतं. दाबणारं हाड काढून दोरीला जागा करून द्यायची. डॉक्टरांनी काहीही लपवलं नाही. "हे पहिल्यासारखं करण्यासाठी नाही. आहे ते आणखी जाऊ नये म्हणून आहे. थोडंफार परत येईल, बहुतेक पहिल्या काही महिन्यांत. किती, ते मी सांगू शकत नाही. केलं नाही तर मात्र खालीच जात राहणार."

"वळेसार ओवूक येतले?" तुम्ही विचारलंत.

"बहुतेक नाही, आजी."

त्या वेळी तुमचा चेहरा कसा झाला, ते मी विसरलेले नाही. पण दुसऱ्याच क्षणी तुम्ही म्हणालात, "मगे नको. मानेर सुरी लावून घेवची नाय माका. तशीच मरतलंय." तुमचे चिरंजीव लगेच "आये म्हणता तसा" म्हणायला तयार! बेबीताई फोनवर रडत होत्या की पाठीच्या ऑपरेशनने माणूस कायमचा खाटेवर पडतो. तुम्ही तर आधीच खाटेवर होतात!

तेव्हा मी फोन ठेवायला लावला, तुमच्या चिरंजीवांना बाहेर पाठवलं आणि तुमच्याशी बोलले. आपण दोघी धड बोललो ते बहुधा तेवढंच. मी म्हटलं, "मरायचा तर मरा. पण लगेच मरूचा नाय तुमका. धा वर्षां पडान ऱ्हवश्यात. आणि तुमका न्हाणतलो कोण, भरवतलो कोण? बेबीताय? मीच. रोज. दोन टायम. माझ्या हातचा पाणी नको मां तुमका? मगे सोताच्या हातान पेलो उचलूक येय, इतक्या तरी करून घेवा!"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. इतका द्वेष मी कोणाच्या डोळ्यांत पाहिलेला नाही. आणि मग म्हणालात, "बोलव तेका. करतंय."

प्रेमाने कोणी तुम्हाला तयार करू शकलं नसतं. माझ्यावरच्या रागाने तुम्हाला त्या टेबलावर चढवलं.

ऑपरेशन चांगलं झालं. पुढे काय झालं ते बॅनर लावणाऱ्यांना माहीत नाही. गळ्यात पट्टा, लघवीची नळी, कुशीवर वळवायचं, पाठीला जखम होऊ नये म्हणून सारखं बघत राहायचं. फिजिओथेरपिस्टने मला व्यायाम शिकवले आणि घरी आल्यावर आपली लढाई सुरू झाली. मी तुमचे ताठरलेले पाय ताणायचे, तुम्ही शिव्या द्यायचात. मी म्हणायचे, "मूठ उघडा." तुम्ही म्हणायचात, "तुझी मूठ उघड आदी, बघूया काय लपवलंस ता." मी म्हणायचे, "उघडा!" आणि तुम्ही उघडायचात.

नळी निघाली. तुम्ही बसायला लागलात. मग खाटेला धरून उभ्या राहिलात. वॉकर आला. चमच्याच्या दांड्याला मी फडकं गुंडाळून तो जाड केला आणि एक दिवस तुम्ही स्वतःच्या हाताने पेज जेवलात. सगळ्यात आधी काय केलंत? पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून उचललात आणि माझ्याकडे बघत प्यायलात. जिंकल्यासारख्या! मला किती बरं वाटलं होतं! आता चिडचिड होते की मला बरं का वाटावं.

एकदा तुम्ही अबोलीची फुलं मागितलीत. बोटांनी एक फूल उचलायचा प्रयत्न केलात, ते चुरगळलं. मग परडी माझ्याकडे ढकललीत. "ओव तू." मी ओवायला घेतलं आणि तुम्ही सुरू झालात. गाठ सैल, देठ लांब, फुलां उलटी, दर्यावरच्यांका फुलांतला काय कळता. दुपारभर बोलत होतात. त्या दुपारी मी वळेसार शिकले. याबद्दल आभार मानू का? नाही मानत. तुम्हाला फुलं हवी होती, आणि हात माझे होते.

मला तुमच्याकडून एकच गोष्ट हवी होती, माई. जो आळ तुम्ही चार माणसांत घेतलात, तो चार माणसांत मागे घ्या. तुमच्या कानांनी तुम्ही डॉक्टरांचं ऐकलं होतं. विहिरीवर जाऊन सांगा म्हणत नव्हते. पडवीत बसून येणाऱ्या एका बाईला जरी म्हटलं असतंत ना, "माझी मान दाबलेली, सुनेचा काय एक नाय," तरी ते संध्याकाळपर्यंत सगळीकडे पोचलं असतं. तुम्ही बोललेलं कसं पोचतं, ते मला पुरेपूर माहीत होतं!

आणि तशी वेळ आलीही. शेजारची यशोदा काकी तुम्हाला बघायला आली होती. मी आत चहा करत होते. काकी म्हणाली, "माई, सुनेन केल्यान हां तुझा! लेक करूची नाय इतक्या." मी चहाचं पातेलं तसंच धरून उभी राहिले. आता बोलतील, म्हटलं.

तुम्ही म्हणालात, "मनात काय नसता तर इतक्या केल्यान असता काय? केलेला फेडता ती."

केलेलं फेडते! म्हणजे मी तुमचं केलं नसतं तरी मी वाईट, आणि केलं म्हणून तर माझा गुन्हाच सिद्ध झाला! चहा बाहेर आला नाही. पातेलं खाली ठेवलं, मनूची आणि माझी पिशवी भरली आणि एसटी धरून मिठबावला गेले. तुमच्या चिरंजीवांना फोनवर एवढंच सांगितलं, "आईला बेबीताई बघतील."

बेबीताई आल्या. आठ दिवसांत त्यांची कंबर धरली. तुम्ही त्यांच्याकडून व्यायाम करून घेतले नाहीत, पाय पुन्हा ताठरले, वॉकर कोपऱ्यात गेला. तुमचे चिरंजीव मिठबावला आले. माझ्या वडिलांसमोर काही बोलता येईना त्यांना. मी त्यांना म्हटलं, "मी परत येते. तुमच्यासाठी नाही, आईसाठीही नाही. इतक्या महिन्यांची माझी मेहनत मी वाया जाऊ देणार नाही."

मी दारात आले तेव्हा तुम्ही म्हणालात, "इलंस? त्या बेबीक काय एक जमना नाय. पाय ताणूक सुदा येणा नाय तिका."

लोक मला सांगतात, ती त्यांची माफीच होती, त्यांना तसंच बोलता यायचं. मी ऐकून घेते. पण नव्हती ती माफी. तुम्हाला माफी मागायची असती तर तुम्ही नीट मागितली असती. शब्दांची तुमच्याकडे कधीच टंचाई नव्हती!

डॉक्टर म्हणाल्या तसंच झालं. जेवढं यायचं होतं तेवढं पहिल्या वर्षात आलं आणि मग थांबलं. वॉकर घेऊन खाटेपासून पडवीपर्यंत. चमच्याने जेवण. न्हाणीघरात मी धरायचे. बोटं तशीच राहिली. शेवटच्या तपासणीला डॉक्टर म्हणाल्या, "इथवरच, आजी. हे टिकवलंत तरी पुष्कळ." तुम्ही टिकवलंत. तीन वर्षं रोज व्यायाम केलात, मला शिव्या घालत. मग थंडीत छातीत कफ झाला, ताप आला आणि रुग्णालयातच तुम्ही गेलात. शेवटी माझ्या हातून पाणी घेतलंत. तोंडातून शब्द काही आला नाही.

तुमच्या बाराव्याला जेवणं झाल्यावर माणसं पडवीत बसली होती. तुमच्या माहेरचे एक म्हातारे म्हणाले, "बघा, करणी केल्यान, तिच्याच हातान शेवटचा पाणी." मी पत्रावळी उचलत होते. आणि तुमचे चिरंजीव उठले, माई. लग्नाला चौदा वर्षं झाली, त्या माणसाला मी चार लोकांत बोलताना पाहिलं नव्हतं. म्हणाले, "माझ्या आवशीची मान दाबलेली होती. माका फोटयेत दाखवल्यानी. माझ्या बायलेन काय एक करूक नाय. उशीर आमी केलो. ती सांगी होती दवाखान्यात नेवया, आणि मी गप ऱ्हवलंय." मग ते खाली बसले आणि सगळ्यांसमोर रडले.

खूप उशीर केला त्यांनी. पण बोलले. तुम्ही तेवढंही केलं नाहीत.

आता शेवटची गोष्ट. गेल्या आठवड्यात यशोदा काकीच्या घरी गेले होते. तिच्या हातून हल्ली भांडी पडतात, हे सगळ्यांना माहीत झालंय. पायही रुंद टाकून चालते. तिच्या धाकट्या सुनेचं पोर माझ्याकडे अंगणवाडीत येतं. ती सून मला म्हणाली, "बाई, घरात कुजबुज चल्ली आसा. माझ्या माहेराचा नाव घेतत." तिचे डोळे मी ओळखले.

मी काकीसमोर बसले आणि तुमची सगळी गोष्ट सांगितली. नावानिशी. चप्पल, हूक, पाटावर उडणारा पाय, दोन वर्षं, सगळं. काकीने विचारलं, "पण ऑपरेशन करून तरी माई खंय चलली धड?"

मी खोटं सांगितलं नाही. म्हटलं, "पडवीपर्यंत चालल्या. हात आले नाहीत. दोन वर्षं आधी गेलो असतो तर तुमच्या घरी वळेसार घेऊन आल्या असत्या."

काकी सुनेला म्हणाली, "माजा निळा लुगडा काड. उद्या ओरोसाक जावया." दुसऱ्या दिवशी त्या जाऊन आल्या. पुढे गोव्याला पाठवलंय, एमआरआयला. निघेल ते निघेल. मानेचंच असेल असंही नाही. पण सूनच तिच्याबरोबर गेली होती, आणि बसमध्ये काकीने तिच्या बाटलीतलं पाणी मागून प्यायलं.

तुम्हाला मी माफ केलेलं नाही, माई. करीन असंही वाटत नाही, आणि ज्यांना तुम्ही सागर वाटता त्यांनी मला ते शिकवूही नये. पण एक शब्द देते. ज्या घरात कोणाच्या हातून पेले पडायला लागतील आणि लोक सुनेकडे बघायला लागतील, त्या घरात मी जाईन आणि तुमचं नाव घेऊन सांगेन. जिवंतपणी तुम्ही माझं नाव गावभर केलंत. आता मी तुमचं करीन. मी फक्त खरं तेवढंच सांगेन.

तुमची सून,
सुजाता